सानुग्रह अनुदान मिळाले, समाधानाचे काय?

दिवाळी तोंडावर आली की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांत एकच चर्चा असते, यंदा कर्मचाऱ्यांना सानुग्रह अनुदान किती? संघटनांची निवेदने जातात, आयुक्तांबरोबर बैठका होतात, आकडा जाहीर होतो. लगेच पुढचा प्रश्न, शेजारच्या पालिकेने किती दिले?

दरवर्षी आणि सर्वांना सारखी मिळणारी रक्कम मन बक्षीस मानत नाही, पगारातच धरते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 इंजिनीअर आणि हिशेबनिसांना बोलते करून 1959मध्ये निष्कर्ष मांडला. पगार आणि कामाची परिस्थिती नीट असेल तर नाराजी टळते. समाधान मिळते ते काम तडीस गेल्याने आणि त्याची दखल घेतली गेल्याने. म्हणजे अनुदान अडले तर कामगार संतापणारच, पण ते वाढले म्हणून नालेसफाई सुधारेल असे नाही. अनुदान द्यायलाच हवे. प्रेरणेची सोय मात्र वेगळी करावी लागेल.

ती कशी, याचे उत्तर झांबियातल्या एका प्रयोगात सापडते. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लुसाका शहरातल्या केशकर्तनालयांना एड्स रोखण्यासाठी निरोध विकायला दिले होते. काहींना भरघोस कमिशन, काहींना थोडे, काहींना काहीच नाही. एका गटाला पैशांऐवजी थर्मामीटरचे चित्र असलेला फलक मिळाला. पाकीट विकले की त्यावर एक तारा उमटायचा आणि गिऱ्हाइकांना तो दिसायचा. या गटाची विक्री इतर गटांच्या सुमारे दुप्पट झाली! तारा नेमक्या कामाशी जोडलेला होता आणि तो चारचौघांना दिसत होता.

आपल्याकडे मात्र काम कुणाला दिसतच नाही. डोंबिवलीत पहाटे रस्ता झाडणारा कामगार मुकादमाकडे हजेरी लावून गल्लीत शिरतो. लोक घराबाहेर पडतात तोवर तो पुढच्या गल्लीत गेलेला असतो. कचरा राहिला तर ॲपवर तक्रार होते. गल्लीच्या नावासह कौतुक नोंदवण्याची सोयही तिथेच हवी, आणि ते हजेरी शेडवर सर्वांसमोर वाचले जायला हवे.

पण त्याच शेडवर ठेकेदाराचा माणूसही उभा असतो. झाडू तोच, रस्ता तोच. पालिकेने जाहीर केलेला आकडा मात्र कायम कामगारासाठी. मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी ॲडम्स यांनी 1963मध्येच दाखवले होते की माणूस आपला मोबदला शेजाऱ्याच्या मोबदल्याशी ताडून पाहतो. या कंत्राटी कामगाराला आधी वेळेवर पगार, पीएफ आणि बोनस द्या. कौतुकाचा फलक त्यानंतर लावा.