चपडा, स्पिरिट आणि बर्मा टीक

जुन्या फर्निचरच्या दुकानात पाय टाकला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘साहेब, बर्मा टीक आहे.’ मुंबईच्या चोर बाजारातला मटन स्ट्रीट असो, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या गल्ल्या असोत की बुधवार-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार असो, सगळीकडे हेच. या सगळ्या खुर्च्या खरोखर ब्रह्मदेशाच्या लाकडाच्या असत्या, तर तिकडे एक झाड उरलं नसतं.

पण थाप अगदीच बिनबुडाची नाही. ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी 1863 साली मुंबईत स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातल्या सागवानावर मोठी झाली. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. 1885 च्या नोव्हेंबरात युद्ध झालं, राज्य बुडालं आणि पुढच्या वर्षी थिबाची रवानगी रत्नागिरीला झाली. तिथला थिबा पॅलेस 1910 साली बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. त्याच्या जंगलातलं सागवान मात्र 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेईपर्यंत इकडे येत राहिलं. त्यामुळे गिरगावातल्या एखाद्या चाळीतून निघालेलं कपाट खरंच तिकडचं असू शकतं. चंद्रपूर-आलापल्लीचं असलं तरी बिघडत नाही. तेही उत्तम सागवान आहे.

प्रश्न असतो तो मुळात सागवान आहे की नाही, एवढाच. त्यासाठी दर्शनी बाजू पाहू नये. खण बाहेर ओढून पालथा करावा. तिथे सहसा पॉलिश लावलेलं नसतं आणि लाकूड आपला मूळ रंग दाखवतं. कोपऱ्यात पॉलिश पेपर थोडा फिरवला तर सागवान आतून सोनेरी-तपकिरी निघतं, बोटाला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. बारीक भोकं दिसली म्हणून वस्तू लगेच नाकारायचं कारण नाही. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही; सालीलगतच्या पांढरट पट्ट्याला लागते. भोकांखाली ताजा भुसा पडत असेल तर किडा अजून आत आहे असं समजावं आणि वस्तू घरातल्या इतर लाकडाजवळ नेण्याआधी भोकांत इंजेक्शनच्या सुईने कीडनाशक सोडावं.

वस्तू घरी आली की पॉलिशवाल्याचं दुसरं ठरलेलं वाक्य येतं: ‘घासून एकदम नवी करून देतो.’ इथे थांबायला हवं. नवीच हवी असती तर नवीच घेतली असती. पन्नास-साठ वर्षांत लाकडाच्या पृष्ठभागावर चढलेला रंग मशीनने दहा मिनिटांत निघून जातो आणि तो कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही.

आधी वरचा थर कसला आहे ते पाहावं. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब टाकावा. थर चिकट झाला तर ते जुनं स्पिरिट पॉलिश, म्हणजे लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळला, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर ऑइलपेंट किंवा अलीकडचं पीयू. जुन्या सागवानी वस्तूंवर बहुधा लाखच निघते आणि ती निघाली तर निम्मं काम वाचतं.

कारण ही लाख वाळल्यानंतरही स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे करतात. हाच पॉलिशवाल्याचा चपडा. जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या याच लाखेच्या होत्या. तिच्यावर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला 1924 पासून आहे. चहाच्या कपाचे पांढरे डाग, फिकट पडलेली जागा, बारीक ओरखडे यांतलं बरंचसं नुसतं स्पिरिटचा ओलसर बोळा हलक्या हाताने फिरवून जातं. वरचा थर विरघळतो आणि जागच्या जागी पुन्हा बसतो. पॉलिश पेपरची गरजही लागत नाही.

ऑइलपेंटची गोष्ट वेगळी, आणि इथे निष्काळजीपणा महागात पडतो. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेला पाळणा किंवा देव्हारा कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर उडू शकते. असा रंग पेंट रिमूव्हरने मऊ करून ओला असतानाच खरवडावा, जाळू नये आणि मुलांना लांब ठेवावं.

सांधे हलत असतील तर खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस गरम पाण्याने सैल होतो. सांधा उघडून, जुना सरस पूर्ण काढून मगच फेविकॉल लावावा, नाहीतर नवा थर जुन्यावर नीट धरत नाही. घासायची वेळ आलीच तर 120 नंबरच्या पेपरने सुरुवात करून 180, 240, 320 असं चढत जावं, तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासल्याचे चरे आधी दिसत नाहीत. पॉलिश चढलं की सगळे वर येतात.

मग एक लिटर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून, गाळून घ्यावा. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, पॉलिशमध्ये बुडवून पिळायचा आणि न थांबता फिरवत राहायचं. एक जाड हात देण्यापेक्षा आठ-दहा पातळ हात बरे. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये. ऑक्टोबरचं कोरडं ऊन त्याला मानवतं आणि तेव्हा दिवाळीही तोंडावर असते. जेवणाच्या टेबलाला मात्र लाखेचा हट्ट नको. गरम पातेलं तिला सोसत नाही. तिथे मेलामाइन किंवा पीयू लावलेलं बरं.

लांब हातांच्या आरामखुर्चीचं खरं दुखणं लाकूड नसून वेताची बैठक असते. वेताच्या पट्ट्या भिजवून विणतात आणि वाळताना त्या ताणल्या जातात. हे काम अंधशाळांमधून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, त्यामुळे वेत विणणारे कारागीर शोधताना तिथे चौकशी जरूर करावी.

इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्यांना ‘बर्मा टीक’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागलं तर हसून पुढे जावं. ती घडण युरोपातली, वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची. मिखाएल थोनेतने 1859 मध्ये बनवलेल्या खुर्चीचे लाकडी भाग अवघे सहा होते. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. तिचे स्क्रू आवळले तरी अर्धी डागडुजी होते.

उरलेलं पॉलिश काचेच्या बाटलीत भरावं, लोखंडी डब्यात ते काळवंडतं. बाटलीवर तारीख लिहावी. वर्ष उलटलं की ते वापरू नये, कारण मग ते नीट वाळत नाही आणि खुर्चीवर बसणाऱ्याच्या कपड्यांना चिकटतं.