वीजसुरक्षेचा इशारा : खरा कोणता, पोकळ कोणता ?

नवे धुलाई यंत्र किंवा गीझर बसविण्यासाठी आलेला सेवा तंत्रज्ञ जाताना पुष्कळदा बजावून जातो की, ‘या घराचे अर्थिंग सदोष आहे, ते त्वरित बदलून घ्या, अन्यथा जीवास धोका आहे.’ हा इशारा खरा असेल आणि त्याकडे दुर्लक्ष झाले, तर ओल्या हाताचा एक स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. तो पोकळ असेल, तर कुटुंबाला नाहक भुर्दंड पडतो. म्हणून अशा इशाऱ्याची पारख करता येणे अगत्याचे आहे.

इशारा नेमका असावा

खरा इशारा केवळ भीती घालीत नाही. दोष कोणत्या सॉकेटात वा तारेत आहे, तो कोणत्या मापनातून आढळला आणि त्यापासून कोणता धोका संभवतो, हे तो सांगतो. हे सर्व कागदावर लिहून देण्यास प्रामाणिक तंत्रज्ञ सहसा कचरत नाही. मापन न करता, ‘आजच काम केले पाहिजे आणि ते माझ्याकडूनच’ असा आग्रह धरला जात असेल, तर सावध व्हावे.

मापन काय सांगते ?

आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा असतो. सुस्थितीतील सॉकेटात फेज व न्यूट्रल यांमधील दाब आणि फेज व अर्थ यांमधील दाब जवळपास सारखाच भरतो. न्यूट्रल व अर्थ यांमध्ये तो अवघा काही व्होल्ट असतो. फेज व अर्थ यांमधील दाब बराच कमी भरल्यास अर्थिंग तुटल्याचा संशय साधार होय. मात्र आकडा योग्य आला, एवढ्यावरून अर्थिंग निर्दोष ठरत नाही. व्होल्टमापकातून अत्यल्प प्रवाह जात असल्याने कच्चा जोडही त्यावर पक्का भासतो. त्यासाठी जमिनीचा रोध मोजणारे स्वतंत्र उपकरण लागते. तारांचे आवरण खराब झाल्याचा दावा असेल, तर मेगरने तपासणी करावी लागते. 500 व्होल्ट दाबाखाली तार व जमीन यांमधील रोध किमान 1 मेगओहम असला पाहिजे. ही मापने गृहस्थाने स्वतः करू नयेत. ती आपल्यासमोर करावयास सांगावीत.

दोन घातक ‘उपाय’

काही वेळा दोष खरा असतो, पण सुचविलेला उपाय त्याहून घातक असतो. सॉकेटातच न्यूट्रल व अर्थ तुकड्याने जोडले, की मापकावर शून्य दिसते व काम झाल्याचा भास होतो. परंतु पुढे न्यूट्रल तार तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरते. दुसरा प्रकार, वारंवार खाली पडणारा आर.सी.सी.बी. काढून टाकण्याचा. घरगुती वापराचा हा रक्षक सामान्यतः 30 मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडतो. तो पडतो, याचा अर्थ बहुधा कोठेतरी गळती आहे. ती शोधावी, रक्षक हटवू नये.

काम कोणी करावे ?

दिवा, पंखा किंवा स्विच बदलण्यापलीकडील वायरिंगचे काम, केंद्रीय विद्युत सुरक्षा विनियमांनुसार, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत आणि परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे लागते. उपकरण दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे असा परवाना असेलच असे नाही. तेव्हा परवाना पाहावा आणि खर्च मोठा असल्यास दुसऱ्या परवानाधारकाकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

निर्णय होईपर्यंत मात्र इशारा खरा मानून वागणेच हिताचे. शंकास्पद उपकरण बंद ठेवून त्याचा प्लग काढावा. उपकरणास हात लावताच झिणझिण्या येणे, स्विच तापणे, जळका वास येणे ही लक्षणे दिसताच मुख्य स्विच बंद करावा. तेथे कोणाच्या दुजोऱ्याची वाट पाहू नये. दोष मीटरपर्यंतच्या बाजूस असल्यास वीज पुरवठादारास कळवावे. मीटरपुढील वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते.

परिसरातील परवानाधारक तारतंत्र्यांची नावे ग्रामपंचायतीने फलकावर लावल्यास आणि शिक्षकांनी ही लक्षणे विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविल्यास, खरा इशारा वाया जाणार नाही आणि पोकळ इशाऱ्याला कोणी बळी पडणार नाही.