श्रीमंत डोंगर, रिकामी तिजोरी

आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर, पोटोसी नावाचं शहर आहे. शहरामागे एक तांबूस, शंकूसारखा डोंगर उभा आहे. त्याचं नाव सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ मध्ये इथं चांदीच्या शिरा सापडल्या. स्पेनच्या साम्राज्याचा उदयास्त समजून घ्यायचा तर माद्रिदच्या राजवाड्याइतकंच या डोंगराकडेही पाहायला हवं.

उदयाची कहाणी एका लग्नापासून सुरू होते. १४६९ मध्ये कॅस्टिलची इसाबेला आणि अ‍ॅरागॉनचा फर्डिनांड विवाहबद्ध झाले. मग आलं १४९२ हे वर्ष. जानेवारीत ग्रानाडा हे आयबेरियातलं शेवटचं मुस्लिम राज्य शरण आलं. मार्चमध्ये ज्यूंसाठी फर्मान निघालं: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. ऑगस्टमध्ये कोलंबसची जहाजं पालोस बंदरातून निघाली. ज्या वर्षी राज्याला नवं जग दिसलं, त्याच वर्षी त्यानं आपली हजारो कर्ती माणसं घराबाहेर काढली. पुढच्या दोन शतकांचं बीज या योगायोगात आहे.

विस्तार विलक्षण वेगानं झाला. १५२१ मध्ये कोर्तेसनं अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान घेतली, पण ती एकट्या स्पॅनिश तलवारीनं नव्हे. अ‍ॅझ्टेकांना वैतागलेले त्लाश्कालाचे हजारो योद्धे त्याच्या बाजूनं लढले आणि देवीच्या साथीनं शहर आधीच खिळखिळं केलं होतं. १५३२ मध्ये पिझारोनं अवघ्या १६८ माणसांनिशी काहामार्का इथं इंका सम्राट अताहुआल्पाला कैद केलं. खंडणीत खोलीभर सोनं घेतलं आणि तरीही त्याला ठार मारलं. या क्रौर्याविरुद्ध स्पेनमधूनच आवाज उठला. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूनं मूळ रहिवाशांची बाजू राजदरबारात अनेक दशकं मांडली. ही गोष्टही विसरता कामा नये.

पोटोसीत चांदी काढायला पारा लागे. तो पेरूतल्या हुआंकाव्हेलिकाच्या खाणीतून येई. माणसं मात्र वेठीनं येत. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोनं ‘मिता’ ही पद्धत बसवली. ठरवून दिलेल्या प्रांतांनी दर वर्षी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा खाणींवर धाडायचा. जमिनीखालची धूळ आणि पाऱ्याची वाफ यांनी किती संसार उजाडले, याची गणती कुणी ठेवली नाही. राजाचा पाचवा हिस्सा मात्र चोख मोजला जाई.

ही चांदी सेव्हिलला पोचे आणि तिथून पुढे निघून जाई. जेनोव्हाचे सावकार, नेदरलँड्समधलं सैन्य आणि परदेशी कापड यांच्यात ती जिरे. स्पेनची उत्तम लोकर कच्च्या रूपात बाहेर जाई आणि कापड होऊन महागात परत येई. चांदी वाढली तशी महागाई वाढली. पूर्वी सालामान्का विद्यापीठात शिकवणाऱ्या आस्पिल्कुएता या पंडितानं १५५६ मध्येच हे कार्यकारण सांगितलं होतं. दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये दरबारानं कर्जफेड थांबवली. १५८८ मध्ये इंग्लंडवर धाडलेलं आरमार विस्कटून परतलं, तरी खरी झीज खतावणीतच चालली होती. १६०९ पासून सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती केल्या गेलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकललं गेलं आणि व्हॅलेन्सियाची बागायती शेती ओस पडली.

या साम्राज्याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे होता, म्हणजे गोव्याचाही धनी तोच. स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेले डच मग पोर्तुगीजांवर तुटून पडले, त्यांनी गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली आणि मसाल्याचा व्यापार हिसकावला. अमेरिकेतली चांदीही हातोहाती सुरतेला पोचली आणि टांकसाळीत मोगली रुपया झाली. इथल्या विणकराच्या कापडाला तिनं दाम दिला. स्पेनच्या विणकराला मात्र ती सावरू शकली नाही.

पुढचा उतार लांबलचक आहे. १६४० मध्ये पोर्तुगाल आणि कॅटलोनिया उठले. १६४३ मध्ये रोक्रुआच्या रणात फ्रेंचांनी नावाजलेलं स्पॅनिश पायदळ मोडलं. १६४८ मध्ये डचांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. अठराव्या शतकात बूर्बाँ घराण्याच्या राजांनी कारभार सावरला, पण १८०८ मध्ये नेपोलियननं राजालाच नजरकैदेत टाकलं आणि अमेरिकेतल्या वसाहतींनी आपली वाट धरली. १८२४ च्या आयाकुचोच्या लढाईनं दक्षिण अमेरिकेतल्या सत्तेचं भवितव्य ठरवलं. १८९८ मध्ये क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपीन्सही गेले.

स्पेन बुडालं ते दारिद्र्यानं नव्हे. आयती चांदी म्हणजेच संपत्ती, असं त्याच्या राज्यकर्त्यांनी मानलं आणि विणणारे, नांगरणारे, व्यापार जाणणारे हात स्वतःच्या हातानं दूर केले. राष्ट्राची खरी खाण त्याच्या माणसांच्या कसबात असते. साम्राज्य जाऊन शतक उलटलं, पण सेरो रिकोच्या पोटात माणसं आजही खोदत आहेत आणि त्या श्रीमंत डोंगराखालचं शहर आजही गरीबच आहे.