पन्नाशीनंतरची धाव : शरीर, शहाणपण आणि श्रद्धा



पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव या दोन स्थानकांच्या मध्ये खुटबाव हे छोटे स्थानक आहे. आजूबाजूला उसाची शेते, गुऱ्हाळांचा धूर आणि मधून जाणारे कच्चे रस्ते. येथून जवळच्या यवतला दरवर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला येते. त्या पालखीबरोबर साठी-सत्तरी ओलांडलेले असंख्य स्त्री-पुरुष देहूपासून पंढरपूरपर्यंत पायी चालतात आणि त्याचे कोणाला फारसे आश्चर्यही वाटत नाही. मात्र याच परिसरातील पन्नाशीचा एखादा गृहस्थ किंवा एखादी गृहिणी पहाटे धावताना दिसली, तर लोक थांबून पाहतात, हसतात आणि ‘या वयात हे काय?’ असे विचारतात.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतही विचारला जातो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात गप्पा रंगतात, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि हृदयविकार यांचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ असे सांगितलेले असते, पण तो कोणता, किती आणि कसा, हे सांगायला त्यांना वेळ नसतो. म्हणून उतारवयात लांब पल्ल्याचे धावणे सुरू करता येते का, त्यात लाभ काय, धोका कोणता, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने त्याकडे कसे पाहावे, याचा विचार या लेखात करीत आहोत.

बारामतीची नऊवारीतील धाव

या विषयावर बोलताना दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. दौंडला लागूनच असलेल्या बारामती तालुक्यात लता भगवान करे ही मजुरी करणारी स्त्री राहत होती. मूळ बुलढाणा जिल्ह्यातील हे कुटुंब पोटासाठी इकडे आले होते. तीन मुलींची लग्ने करण्यात आयुष्याची पुंजी संपली होती. अशा वेळी पती आजारी पडले आणि डॉक्टरांनी एमआरआय तपासणी करण्यास सांगितले. तेवढे पैसे घरात नव्हते. बारामतीत मॅरेथॉन होणार असून ज्येष्ठांच्या गटात बक्षीस आहे, असे लताबाईंना कळले. २०१३ च्या सुमारास, वयाची साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी पायांनी तीन किलोमीटर धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढील वर्षीही त्या धावल्या. त्यांच्या जीवनावर ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट निघाला, तो २०२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली असून ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या चित्रपटाचा विशेष उल्लेख झाला.

ही कथा ऐकून आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवाव्यातच. परंतु श्रद्धावंत म्हणून आपण येथेच थांबू नये. साठी उलटलेल्या स्त्रीला पतीच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, ही गोष्ट तिच्या धैर्याबद्दल जितके सांगते, तितकेच आपल्या समाजाबद्दलही सांगते. शेजारचे घर आजारपणाने खचले असता त्याची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा.

या कथेचा दुसरा धडा शरीराविषयी आहे. लताबाईंनी धावण्याचे शिक्षण घेतले नव्हते, पण त्यांचे सारे आयुष्य शेतात उभे राहण्यात, वाकण्यात आणि चालण्यात गेले होते. त्यांचे शरीर श्रमाला सरावलेले होते. कचेरीत, दुकानात किंवा मोटारसायकलवर तीस वर्षे बसून काढलेल्या माणसाने त्यांचे अनुकरण एका दिवसात करू जाणे म्हणजे संकटाला निमंत्रण होय.

वयानुसार शरीरात काय घडते?

तिशीनंतर, व्यायाम न करणाऱ्या माणसाच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटत जाते. स्नायू हळूहळू क्षीण होतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि तोल सांभाळणे अवघड होते. नियमित व्यायामाने ही घसरण पूर्णपणे थांबत नाही, पण तिचा वेग बराच कमी होतो. पन्नाशीत किंवा साठीत प्रारंभ केला तरी हृदय, फुप्फुसे आणि स्नायू प्रतिसाद देतात. रक्तातील साखर स्नायूंकडून अधिक चांगल्या रीतीने वापरली जाते, रक्तदाब उतरण्यास मदत होते आणि झोप सुधारते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दम काही आठवड्यांतच वाढतो, परंतु हाडे, सांधे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. दम वाढला की उत्साह वाढतो, माणूस अंतर वाढवतो आणि टाच, पोटरी किंवा गुडघा दुखावतो. नवख्या धावपटूंच्या बहुतेक दुखापतींचे मूळ या उतावळेपणात असते.

‘धावल्याने गुडघे झिजतात’ ही समजूत मात्र सरसकट खरी नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या एका संशोधनात गुडघा व खुब्याच्या सांध्यांची झीज बैठी जीवनशैली असणाऱ्यांत सुमारे १०.२ टक्के, तर आनंदासाठी धावणाऱ्यांत सुमारे ३.५ टक्के आढळली. स्पर्धात्मक पातळीवर अतिशय धावणाऱ्यांत हे प्रमाण १३.३ टक्के होते. म्हणजे बसून राहणेही सांध्यांना हितकारक नाही आणि अतिरेकही नाही. अर्थात ज्यांचे गुडघे आधीच झिजले आहेत किंवा ज्यांचे वजन फार आहे, त्यांनी अस्थितज्ज्ञांचा सल्ला घेऊन चालण्यावरच भर देणे उचित.

प्रारंभ कसा करावा?

पहिले पाऊल मैदानावर नव्हे, तर डॉक्टरांकडे टाकावे. चाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा कुटुंबात हृदयविकार असणाऱ्या व्यक्तीने रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर धावताना एकाएकी उतरू शकते, म्हणून त्यांनी डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवावी आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

त्यानंतरचा क्रम साधा आहे :

१. पहिला महिना आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे.

२. दुसऱ्या महिन्यात एक मिनिट हळू धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे सात-आठ वेळा करावे. आठवड्यातून तीनच दिवस आणि एक दिवसाआड.

३. धावण्याचा काळ हळूहळू वाढवावा. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग असावा. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा.

४. आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पोट आणि पाठ यांचे व्यायाम करावेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हाही उत्तम व्यायाम आहे.

५. तीन-चार महिन्यांत सलग पाच किलोमीटर धावता आले तर पुष्कळ झाले. दहा किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन म्हणजे सुमारे २१ किलोमीटर, याचा विचार वर्षभराच्या सरावानंतर करावा. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन प्रत्येकाने धावलीच पाहिजे असे मुळीच नाही.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी अथवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि रुग्णालय गाठावे. ‘गॅस असेल’ म्हणून घरी परतणे अनेकांना महागात पडले आहे.

खेड्यातील वाचकांसाठी आणखी काही सूचना. सोलापूर महामार्गाच्या कडेने धावू नये. नव्वदीच्या उंबरठ्यावर, २००० साली, लंडन मॅरेथॉन धावलेले आणि २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण करणारे फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये पंजाबातील आपल्या गावाजवळ मोटारीच्या धडकेने मरण पावले, हे विसरू नये. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारातही फिरत असतात. दौंड आणि शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून पहाटेच्या काळोखात उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये. उजाडल्यावर, सोबतीने, शाळेच्या मैदानावर किंवा मोकळ्या रस्त्यावर धावावे. चैत्र-वैशाखात ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे.

एका धर्मभगिनीचे उदाहरण

अमेरिकेतील सिस्टर मॅडोना ब्युडर यांचा जन्म १९३० चा. त्यांनी धावण्यास प्रारंभ केला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एका धर्मगुरूंच्या सांगण्यावरून. शरीर, मन आणि आत्मा यांचा मेळ साधण्यासाठी धावणे उपयुक्त आहे, असे त्या धर्मगुरूंनी त्यांना सुचविले होते. पुढे त्या पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे अशा तिहेरी शर्यतींत उतरल्या. २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी कॅनडात ‘आयर्नमॅन’ शर्यत पूर्ण केली. त्यात सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी पूर्ण मॅरेथॉन असते. धावण्याचा वेळ त्यांनी प्रार्थनेचा वेळ मानला.

खुद्द व्हॅटिकनमध्येही २०१९ च्या प्रारंभी ‘अॅथलेटिका वॅटिकाना’ या क्रीडासंघाची औपचारिक घोषणा झाली. धर्मगुरू, धर्मभगिनी, स्विस गार्ड आणि तेथील कर्मचारी त्यात एकत्र धावतात. त्याआधी, जून २०१८ मध्ये, परमपीठाने खेळ आणि ख्रिस्ती जीवन यांविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला होता.

श्रद्धेच्या दृष्टीने

संत पौल करिंथ नगरीत दीड वर्ष राहिले. त्या नगरीजवळ क्रीडामहोत्सव भरत असत. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना त्यांनी धावपटूचा दाखला दिला : धावपटू नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतो, तर अविनाशी मुकुटासाठी आपण किती पाळावा! त्याच पत्रात ते शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतात. आयुष्याच्या अखेरीस तीमथ्याला लिहितानाही त्यांना पूर्ण केलेली धावच आठवते.

मंदिर म्हटले की दोन जबाबदाऱ्या येतात. ते पडू द्यायचे नाही आणि त्याची मूर्तिपूजाही करायची नाही. आरोग्याची हेळसांड करून कुटुंबावर अकाली ओझे टाकणे योग्य नव्हे. तसेच पदके, वेळेचे आकडे आणि छायाचित्रे यांच्या नादात रविवारची मिस्सा, घर आणि शेजारी विसरणे हेही योग्य नव्हे. शहरांतील बहुतेक शर्यती रविवारी सकाळी असतात. धावणाऱ्याने शनिवारच्या संध्याकाळची किंवा रविवारी नंतरची मिस्सा आधीच ठरवून ठेवावी.

विशेषतः आपल्या भगिनींना सांगावेसे वाटते. घरातील सर्वांची औषधे वेळेवर देणारी स्त्री स्वतःची तपासणी मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने ती चालायलाही बाहेर पडत नाही. पतीने आणि मुलांनी सकाळचा अर्धा तास तिला मोकळा करून द्यावा. शक्य असेल तर पतीनेही तिच्याबरोबर चालावे. धर्मग्रामातील महिला मंडळाने आणि युवकांनी मिळून आठवड्यातून दोनदा सामुदायिक चालणे-धावणे ठेवले, तर एकटेपणाची लाजही जाईल आणि कोण आजारी आहे, कोणाला तपासणीसाठी पैसे कमी पडत आहेत, हेही बरोबर चालता चालता कळेल. मग आपल्यातील कोणा लताबाईंना औषधासाठी शर्यत जिंकावी लागणार नाही.

उद्याच सकाळी धावायला लागा, असे आम्ही म्हणत नाही. उद्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि परवा घरातील एका व्यक्तीला बरोबर घेऊन अर्धा तास चाला. चालताना पवित्र जपमाळेचे एक रहस्य म्हणा. पुढचा मार्ग पायांना हळूहळू उमगत जाईल.

आपणा सर्वांना प्रभू उत्तम आरोग्य आणि धीर देवो, हीच प्रार्थना.