‘धूप’ या शब्दाची कुळकथा

पाण्याने वा वाऱ्याने माती निघून जाते, तिला आपण ‘धूप’ म्हणतो. शास्त्रीय ग्रंथांत ‘क्षरण’ हा शब्द आढळतो. संस्कृत ‘क्षर्’ म्हणजे पाझरणे, झिजून नाहीसे होणे. जे झिजत नाही ते ‘अक्षर’, तेही याच घराण्यातील. इंग्रजी ‘इरोजन’ हा शब्द मात्र लॅटिन ‘रोडेरे’, म्हणजे कुरतडणे, यावरून आला. उंदीर-घुशींच्या वर्गास इंग्रजीत ‘रोडंट’ म्हणतात तेही त्यावरूनच. शेतकरी बंधूंस हीच उपमा अधिक पटेल. उंदीर काही एका रात्रीत कणगी रिकामी करीत नाही!

लवळ्यासारख्या (ता. मुळशी) डोंगरउताराच्या गावी घळ पडली की धूप सर्वांना दिसते. तिच्या आधीची सालकाढी धूप ध्यानात येत नाही. एक हेक्टर शेतावरून अवघा 1 मिलिमीटर थर गेला, तरी ती माती 10 घनमीटर, वजनाने सुमारे 13 टन भरते. कार्यकर्त्यांनी पावसानंतर शेतात जाऊन उघडे पडलेले खडे, झाडांची मुळे व खालच्या बांधाशी साचलेला गाळ शेतकऱ्यास दाखवावा. नांगरट व पेरणी उतारास आडवी करण्याची गोष्ट तेथेच, बांधावर उभे राहून काढावी.