हेडफोनमधली घूंघूं

भारतातली घरगुती वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असते. घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगमागे जी घूंघूं ऐकू येते ती बहुधा या 50 हर्ट्झची, नाहीतर तिच्या दुपटीची. हा सूर हार्मोनियमवरच्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्येच कुठेतरी बसतो, म्हणजे तानपुऱ्यात खपून जाण्याचीही सोय नाही.

याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंगचं वेटोळं. लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या. दोघांनाही अर्थिंग आहे, शिवाय ऑडिओ केबलच्या जाळीनेही ते एकमेकांना जोडलेले आहेत. दोन जागांच्या अर्थिंगमधला मिलिव्होल्टचा फरकही जाळीतून प्रवाह ढकलतो आणि तो आवाजात मिसळतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की घूंघूं थांबते का, हे आधी पाहावं. थांबली तर सगळी उपकरणं एकाच पॉइंटवरून, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत. घरगुती स्टुडिओचा भार सहसा काहीशे वॅटच असतो. 6 अँपिअरच्या सॉकेटला तो जड नाही. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरली तर उरलेलं बरंचसं मिटतं.

प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उपायही काहीजण सुचवतात. आवाज जातो खरा, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात थेट वीज येऊ शकते. माइकला ओठ लागतात हे गाणाऱ्याने विसरू नये. जुन्या इमारतींत तर तीन पिनांचं सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्यावं: पहिलं 230 च्या आसपास, दुसरं एक-दोन व्होल्ट.

घूंघूंऐवजी चरचर येत असेल तर संशयित वेगळे: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी बल्ब. एकेक बंद करत गेलं की चोर सापडतो. सिंगल कॉइल पिकअपचं गिटार तर अँटेनाच. वादकाने जागेवर थोडं वळून पाहिलं तरी फरक कळतो.

वीज गेल्यावर चालणारा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर रेकॉर्डिंगला कुचकामी. साइन वेव्हचाच घ्यावा. स्पाइक गार्ड अचानक उसळलेलं व्होल्टेज अडवतो, घूंघूं मात्र नाही.