चौघांची बैठक

सकाळी सहाला चहाचा कप हातात घेऊन मी जुनी यादी वाचायला बसते. २५ आणि २६ जुलै १६५६ या दोन दिवसांत ॲमस्टरडॅमच्या दिवाळखोरी कचेरीची माणसं डच चित्रकार रेम्ब्राँच्या घरात आली आणि त्यांनी एकेका खोलीत जाऊन सामानाची मोजदाद केली. नोंदी ३६३. हे घर त्याने १६३९ साली १३,००० गिल्डरला घेतलं होतं आणि त्याचे पैसे शेवटपर्यंत फिटले नाहीत. यादीत जपानी शिरस्त्राण आहे, शंख आणि पोवळी आहेत, रोमन सम्राटांचे अर्धपुतळे आहेत आणि चित्रांची बाडंच्या बाडं आहेत. त्यांतल्या एका बाडाविषयी कारकुनाने लिहिलंय की त्यात कुतूहल वाटावं अशी लघुचित्रं आहेत आणि सोबत तऱ्हेतऱ्हेच्या पोशाखांची, लाकडी व तांब्याच्या ठशांवरून छापलेली चित्रं. एवढीच नोंद. ती लघुचित्रं मुघल होती असं कुठे म्हटलेलं नाही, पण बहुतेक अभ्यासक तसं मानतात आणि मलाही ते पटतं. कारण त्याच सुमाराला रेम्ब्राँने मुघल चित्रांवरून काढलेली २३ रेखाचित्रं आज आपल्यासमोर आहेत. जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह, दरबारी, घोडेस्वार. भारतात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाने ती काढली आहेत.

आज संध्याकाळी प्रौढांच्या चित्रकला वर्गात मला हाच विषय घ्यायचा आहे. साडेसातपर्यंत टिपणं लिहून होतात. मधल्या एका वाक्यावर मात्र मी अडते : ‘रेम्ब्राँवर मुघल कलेचा प्रभाव पडला.’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठे पडला, कसा पडला, कागदावर तो बोट ठेवून दाखवता येतो का? हे सांगता येत नसेल तर असं वाक्य वर्गात बोलू नये. मी ते खोडते आणि निघते.

साडेआठची गाडी. लंडनमधल्या सकाळच्या गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दहा वाजता ब्रिटिश म्युझियम. ९० क्रमांकाच्या दालनाजवळ मुद्राचित्रं आणि रेखाचित्रं पाहण्याची खोली आहे. पेन बाहेर ठेवायचं आणि फक्त पेन्सिल घेऊन आत जायचं. हात धुवायचे. मागवलेली पेटी टेबलावर येते, आतलं चित्र जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेलं असतं आणि ते लाकडी घोडीवर टेकवून पाहायचं. या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही. घाई करणारंही कुणी नसतं आणि मला इथलं हेच सगळ्यात आवडतं.

आजचं चित्र जेमतेम १९ सेंटिमीटर उंच आणि १२ सेंटिमीटर रुंद आहे. झाडाखाली चार वृद्ध बसलेत. मुघल दरबाराला ज्यांच्याविषयी आदर होता अशा शेखांपैकी ते आहेत. दाढ्या, पागोटी, अंगरखे, जवळ पेले. कागद जपानी आहे. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा आणि रेम्ब्राँ १६४०च्या दशकापासून तो वापरत होता. किंचित पिवळसर, मऊ चकाकीचा हा कागद शाई भसकन शोषून घेत नाही. आग्र्याचा चित्रकार चित्र पालथं घालून मागच्या बाजूने दगडाने घोटायचा, त्याने रंग दबून गुळगुळीत व्हायचे. साध्या खरबरीत कागदावर त्या गुळगुळीतपणाची नक्कल होणार नाही, हे ओळखूनच रेम्ब्राँने जपानी कागद उचलला असावा असं मला ठामपणे वाटतं. शिवाय हा कागद महाग होता. दिवाळं वाजण्याच्या आसपास एवढा महागडा कागद नकलेसाठी काढणारा माणूस ती नक्कल गंमत म्हणून करत नव्हता.

अकरा ते एक मी त्या रेषांतच असते. रेम्ब्राँची रेष एरवी दांडगी असते. बोरूचा एक फटकारा मारला की बाही झाली, दुसरा मारला की भिंत. इथे त्याने हात आवरून धरलाय. डोळ्यांच्या कडा, दाढीचे केस, पागोट्याचे पेच अगदी बारीक टोकाने काढलेत. मुघल चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने जे करायचा, ते हा पेनाने करू पाहतोय. पण खाली उतरलं की रेष बदलते. मांडीवर ताणलेलं कापड, गुडघ्याचं वळण आणि बिछायतीला टेकलेला अंगरखा जिथे येतो तिथे रेष जाड आणि तुटक होते आणि तिच्यावर शाईचा पातळ तपकिरी हात फिरतो. मूळ मुघल चित्रात माणसांना बाह्यरेषा असते, सावली जवळजवळ नसते. रेम्ब्राँने त्यांना वजन दिलं. ते चौघे आता जमिनीवर खरोखर टेकलेत. तासभर पाहिल्यावर माझी खात्री होते की या चित्रात त्याला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते त्यांच्या बसण्याचं.

हे म्हणायला आधार आहे. तरुणपणी, १६३२ साली, त्याने पौर्वात्य पोशाखातला एक भव्य पुरुष रंगवला होता. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जरीचा झगा, मोठं पागोटं, खांद्यावर रेशमी वस्त्र. पण आतला माणूस ॲमस्टरडॅमचाच, उभा राहण्याची ढब तिथलीच, कपडे तेवढे दूरदेशीचे. त्या काळच्या युरोपी चित्रांत पूर्वेचा देश म्हणजे बहुतेक वेळा असाच एक पोशाख. वीसेक वर्षांनी हाच चित्रकार लघुचित्रं समोर ठेवून तास न् तास नक्कल करतो तेव्हा त्याला पोशाखाच्या आतलं शरीर दिसायला लागतं. ही मोठी मजल आहे आणि ती त्याने पन्नाशीत गाठली.

एकला जेवायची सुट्टी. बाहेरच्या पायऱ्यांवर डबा उघडते. वेंगुर्ल्याहून आईचा फोन येतो. तिकडे संध्याकाळ झालेली. आज काय पाहतेस म्हणून तिने विचारलं तर मी डच म्हणाले. त्यावर ती लगेच म्हणाली, “म्हणजे आपल्या वखारीतले?” तेच. डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार घातली आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर तिथून नजर ठेवली. पडक्या भिंतींची ती वखार गावात अजून उभी आहे. मुघल चित्रं मात्र वेंगुर्ल्याहून गेली असं कुणी समजू नये. कंपनीचा मुघल मुलखातला मोठा व्यापार सुरतेहून चालायचा, आणि कापड, नीळ यांच्या सोबत व्यापाऱ्यांच्या खासगी पेट्यांतून अशी चित्रं जाणं तिथूनच जास्त संभवतं. दख्खनचा डच चित्रकलेशी असलेला संबंध याहून जुना आहे. हार्लेमचा कॉर्नेलिस क्लास हेडा हा चित्रकार विजापूरला इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या पदरी होता आणि १६२२ साली तिथेच वारला. आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “वखारीच्या पाटीवर हे लिहायला हवं.” तिचं म्हणणं मला पटलं.

दोनला परत आत. आता दुसरी पेटी : ‘अब्राहमाकडे आलेले देवदूत’, १६५६चं अम्लरेखन, सकाळच्या चित्राहूनही बुटकं. बायबलातली गोष्ट अशी की तीन अनोळखी पाहुणे अब्राहमाच्या दारी येतात. तो त्यांना खाऊपिऊ घालतो, आणि पाहुण्यांत साक्षात देव असतो. रेम्ब्राँचा देव पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे. तो घराच्या उंबऱ्याबाहेर अंथरलेल्या बिछायतीवर पाय दुमडून बसलाय, हातात पेला. अब्राहम सुरई धरून वाकलेला. सारा दाराआडच्या अंधारातून ऐकतेय. मागे पोरगा इश्माएल पाठमोरा, धनुष्य ताणण्यात गुंग.

मी सकाळच्या चित्राचा फोटो शेजारी ठेवते. जमिनीवरचा गोल, मधले पेले, दाढ्यांची ठेवण, गुडघ्यांवरून उतरणारं कापड, सगळं जुळतं. अभ्यासकांनी हे नातं केव्हाच दाखवून दिलंय, मी नवीन काही शोधलेलं नाही. पण दोन्ही कागद एकाच टेबलावर पाहिले की सकाळी अडलेल्या वाक्याचं उत्तर मिळतं. प्रभाव बोट ठेवून दाखवता येतो, आणि तो या गुडघ्यांवर आहे. देव पाहुणा होऊन आला तर तो जमिनीवर बसेल, यजमान वाकून वाढेल आणि दोघांत मेजखुर्ची येणार नाही, हे रेम्ब्राँ त्या चार शेखांकडे पाहून शिकला. बायबलातला काळ कसा दिसत असेल हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास होता. अब्राहमाच्या मुलखातली माणसं कशी बसत असतील याचा साक्षीदार त्याला आग्र्याच्या चित्रात सापडला. आग्रा आणि अब्राहमाचं कनान यांच्यात हजारो मैल आहेत हे खरं, आणि पूर्वेचे सगळे देश एकाच पोतडीत घालणं ही त्या काळच्या युरोपची खोड होती. तरीही त्या चौघांना त्याने देवाच्या जागी बसवण्याइतकं थोर मानलं, याचं मोल मला फार वाटतं.

साडेतीनला पेट्या परत देते आणि वाचनालयात तासभर मूळ चित्राचा माग काढते. चार शेखांचं मूळ मुघल चित्र आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. सम्राज्ञी मारिया थेरेझाच्या ‘मिलियोनेनत्सिमर’ नावाच्या दालनात लघुचित्रं कापून, तुकडे जोडून, सोनेरी नक्षीच्या चौकटींत भिंतीवर बसवलेली आहेत. ॲमस्टरडॅममध्ये एकाने त्या चित्रांतून बसायचं कसं ते शिकून घेतलं, आणि शंभरेक वर्षांनी तशाच चित्रांवर व्हिएन्नात कात्री चालली. मला त्या कापलेल्या कडा पाहवत नाहीत. रेम्ब्राँच्या नकलाही विखुरल्या. इंग्लंडमधले चित्रकार-संग्राहक जोनाथन रिचर्डसन यांच्या संग्रहाच्या १७४७च्या लिलावात त्या २५ चित्रांचं एक पुस्तक म्हणून नोंदलेल्या होत्या. आज त्या युरोप-अमेरिकेतल्या अनेक संग्रहांत आहेत. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने त्यांतल्या बऱ्याच एकत्र आणल्या, शेजारी मुघल चित्रं ठेवली.

सहाला वर्ग. व्याख्यान मी वीस मिनिटांतच आटोपते. मग प्रत्येकाला चौघांच्या चित्राची छापील प्रत, टाक आणि शाई देते : नक्कल करा. चेहऱ्यांपाशी सगळे सुखात असतात. कमरेखाली आले की अडतात. “पाय कुठे गेले ते कळत नाही,” एक निवृत्त नर्सबाई म्हणतात. मी त्यांना सतरंजीवर बसायला सांगते आणि समोरच्याला त्यांचा गुडघा काढायला लावते. त्यानंतर खोलीतली निम्मी माणसं खाली बसलेली असतात.

एका विद्यार्थ्याने विचारलं, मुघलांनी कधी अशी युरोपची नक्कल केली का? त्यासाठी पुढचा मंगळवार राखून ठेवलाय. १५७९च्या नोव्हेंबरात गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराकडे निघाले आणि १५८०च्या फेब्रुवारीत फतेहपूर सीक्रीला पोचले. त्यांनी अकबराला दिलेल्या अँटवर्पच्या बायबलात कोरीव चित्रं होती. शतक सरता सरता, १६००-०१ साली, अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने ड्यूररच्या चित्रातला संत जॉन पाहून काढला. ते रेखाचित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. पुढे जहांगीराच्या दरबारात त्याला मोठा मान मिळाला. त्या मुलाने कापडाच्या चुण्या कशा सोडवल्या आणि अंगावर सावली कशी घातली, ते आम्ही रेम्ब्राँच्या गुडघ्यांशेजारी ठेवून पाहू. सगळ्यांना भिंग आणायला सांगितलंय.